विरजण, पुडी आणि पिंपरीचा कारखाना

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्री जेवून उठतो न उठतो तोच बालाघाटहून भाचीचा फोन आला. आमच्या ताईची ही थोरली मुलगी, लग्न होऊन मध्य प्रदेशात गेली. गोव्यात कुणाला बालाघाट म्हटले की "ते आणि कुठे आले?" असा प्रश्न हमखास येतो. गोंदियाचे नाव घेतले की थोडा उलगडा होतो. गोंदियाच्या वर चाळीसेक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी हे शहर आहे. इंग्रजांनी १८६७ साली मध्य प्रांतात हा जिल्हा केला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी दोघांचीही राजधानी नागपूरच होती. त्यामुळे भाचीच्या सासरी घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर पोवारी असा कारभार चालतो, आणि डोंगराकडे गेले की गोंडी कानावर येते. आम्हा गोवेकरांना ह्याचे नवल वाटायला नको. घरात एक, देवळात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा वापरण्यात आमचा हात कोण धरणार?

तर फोन. बाळ पाच महिन्यांचे. छातीत कफ आणि ताप म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे पातळ औषध दिले होते. त्याबरोबर एक पुडीही लिहून दिली होती, दिवसातून एकदा पाण्यात कालवून द्यायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण जुलाब सुरू झाले. त्या दिवशी आठ वेळा झाले होते. भाचीच्या आवाजात रडू होते आणि मागून तिच्या सासूबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "त्या पुडीत हाय काय? दह्याचेच तर जंतू हायेत. मग घरचं दही पोराले काहून नाही द्यायचं?"

"मामा, तू एवढं वाचत असतोस," भाची म्हणाली, "सांग ना. दही देऊ का? की औषधच बंद करू?"

मी सरकारी कचेरीतला कारकून. बी.ए.ला इतिहास घेतला होता, वैद्यक नव्हे. जावक क्रमांक टाकण्यापलीकडे माझ्या शब्दाला कसला अधिकार? मी तिला एवढेच म्हटले की आपल्या मनाने काही बंद करू नकोस आणि काही सुरूही करू नकोस, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लाव. तिने लावला. डॉक्टर भला माणूस असावा. त्याने आधी विचारले ते दह्याचे नव्हतेच. लघवी होते का, बाळ अंगावर ओढते का, टाळू खोल गेली आहे का, शौचात रक्त दिसते का. सगळी उत्तरे बरी आली तेव्हा म्हणाला, अंगावरचे दूध चालू ठेवा, मीठ-साखरेच्या पाकिटाचे पाणी चमच्याचमच्याने पाजा, औषधाचा कोर्स मी सांगेपर्यंत सोडू नका, सकाळी दाखवायला आणा. आणि दही? दही आत्ता नको.

दोन दिवसांत बाळ सावरले. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला, कारण सासूबाईंचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. पुडीत खरोखर दह्याच्याच कुळातले जंतू असतात. मग वाटीतल्या दह्याला 'नको' आणि पुडीला 'हो', असे का? रविवारी वाचनालयात बसून आणि रात्री संगणकापुढे डोळे ताणून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

गोष्टीची सुरुवात एका दाढीवाल्या रशियन प्राध्यापकापासून करावी लागते. इल्या मेचनिकॉव्ह, जन्म १८४५. ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचा. ती नोकरी सोडल्यावर इटलीत मेसिना येथे, १८८२ साली, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून पाहताना त्याला दिसले की शरीरातल्या काही पेशी त्या परक्या वस्तूभोवती गोळा होतात. शरीराचे हे शिपाई रोगजंतू खाऊन टाकतात, हा त्याचा सिद्धांत. त्यासाठी १९०८ चे नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर विभागून मिळाले. पण तोवर त्याचे मन दुसरीकडेच गुंतले होते. १८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता आणि माणूस म्हातारा का होतो ह्या विचाराने त्याला पछाडले होते. त्याचे मत असे की मोठ्या आतड्यात सडवणारे जंतू विष तयार करतात आणि तेच आपल्याला झिजवते. आंबट दुधातले जंतू आम्ल करतात आणि आम्लात सडवणाऱ्यांचे काही चालत नाही. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध खाऊन दीर्घायुषी होतात, असे त्याने ऐकले होते. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन तरुणाने जिनिव्हातल्या प्रयोगशाळेत त्या दह्यातला दांड्यासारखा जंतू वेगळा करून दाखवला, आणि म्हाताऱ्या प्राध्यापकाला पुरावाच मिळाल्यासारखे झाले. मेचनिकॉव्ह स्वतः रोज आंबट दूध घेऊ लागला. पॅरिसच्या लोकांनीही त्याचे पाहून तेच सुरू केले. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, तो वारला. बल्गेरियन शेतकऱ्याइतके आयुष्य काही मिळाले नाही.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण ते गोव्याच्या दारावरून जाते. ओडेसात ह्याच मेचनिकॉव्हच्या हाताखाली वाल्डेमार हाफकिन नावाचा ज्यू विद्यार्थी शिकला. धर्म बदलला असता तर रशियात त्याला प्राध्यापकी मिळाली असती. त्याने तो बदलला नाही. गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला गेला आणि १८८९ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागला. (ग्रंथालयातल्या कारकुनाने पुढे काय काय करावे!) १८९३ मध्ये तो पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात ताप आणि गाठींचे रोगी पाहून ज्या डॉक्टरने "हा प्लेग आहे" असे पहिल्यांदा सांगितले, ते डॉ. आकासियु गाब्रिएल व्हिएगस आमच्या बार्देशातल्या हडफड्याचे. प्लेगवर लस करायला सरकारने हाफकिनला मुंबईला बोलावले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्याचे नाव आहे, ती आपल्याला पोलिओच्या लशीमुळे आणि सर्पदंशाच्या औषधामुळे ठाऊक असते. दह्याची महती सांगणाऱ्या प्राध्यापकाचा विद्यार्थी आमच्या मुंबईत येऊन संस्था उभी करतो आणि त्या संस्थेचे नाव ह्या गोष्टीत पुन्हा एकदा येणार आहे, म्हणून हे सांगून ठेवले.

आता बाळाकडे वळू. मेचनिकॉव्ह म्हाताऱ्यांची चिंता करत होता त्याच काळात, त्याच पॅरिसमध्ये आंरी तिसिए हा तरुण बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलांचे शी-लंगोट तपासत होता. काम ओंगळ खरे, पण १८९९ च्या सुमारास त्याला दिसले की अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या शौचात एका प्रकारच्या जंतूंचीच बहुसंख्या असते. इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाट्याचे ते जंतू, म्हणून 'बिफिडस'. जुलाब लागलेल्या मुलांत ते कमी दिसत. तेव्हा हेच जंतू आजारी मुलाला पोटात दिले तर, असा विचार त्याने मांडला. म्हणजे 'जुलाबाला जंतूंचे औषध' ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे, आणि ती मुळात दह्याच्या जंतूंची नव्हती. आईच्या दुधावर वाढणाऱ्या जंतूंची होती. हा फरक ध्यानात ठेवावा. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत, त्या ह्या बिफिडस जंतूंचेच अन्न. आई बाळाला भरवताना त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचीही पंगत मांडते, हे शास्त्रज्ञांना फार पुढे कळले.

दही मात्र औषधाच्या दुकानात पोचले ते बार्सिलोनामध्ये. सालोनिकाचा एक ज्यू व्यापारी, इसाक कारासो, स्पेनमध्ये आला. तिथे लहान मुलांत आतड्यांचे रोग फार. त्याने पाश्चर इन्स्टिट्यूटहून विरजणाचे जंतू मागवले, १९१९ मध्ये दही लावायला सुरुवात केली आणि ते औषधांच्या दुकानांतून विकले. मुलगा दानिएल, लाडाने 'दानोन'. तेच नाव दह्याला दिले. आज जगभर दिसणारी दानोन कंपनी ती हीच. तो बाळ दानोन २००९ मध्ये वारला, वयाच्या १०३ व्या वर्षी. मेचनिकॉव्हने हे ऐकले असते तर किती आनंदला असता! (एका माणसाच्या वयावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही.)

पुढे दह्याचे ग्रह फिरले. १९२१ च्या सुमारास अमेरिकेत येल विद्यापीठात रेटगर आणि चेप्लिन ह्यांनी दाखवले की बल्गेरियन दह्याचा तो जंतू आतड्यात वस्ती करून राहतच नाही. येतो आणि निघून जातो. दह्यातून दीर्घायुष्य हा विचार मागे पडला. आणि मग १९२८ मध्ये लंडनला फ्लेमिंगच्या बशीत बुरशी उगवली, १९४० नंतर ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली ह्यांनी तिच्यातून औषध काढले आणि जंतू म्हणजे मारायचीच गोष्ट असे जगाने ठरवून टाकले.

ते ठरवले ह्यात चूक काढण्याचा अधिकार माझ्या घराला तरी नाही. माझ्या आजीची दोन मुले पेडण्याला गेली, एक तापात, एक हगवणीत. पोर्तुगीज अमदानी होती, पेनिसिलीनचे नावही गावात पोचले नव्हते. आजी त्यांची नावे घेत नसे. फक्त मोजताना "माझी सात" म्हणायची आणि आम्हाला पाचच ठाऊक होती.

पेनिसिलीन आपल्याकडे सुरुवातीला परदेशातूनच यायचे. देशातच औषधे झाली पाहिजेत असे आग्रहाने सांगणाऱ्यांत साहिबसिंग सोखी हे एक मोठे नाव. हाफकिन इन्स्टिट्यूटचे ते पहिले भारतीय संचालक, नंतर जागतिक आरोग्य संघटनेत वरच्या पदावर गेले. (रसिकांना त्यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल: कथकच्या मादाम मेनका ह्यांचे ते यजमान.) मेचनिकॉव्हच्या शिष्याच्या संस्थेचा प्रमुख आता जंतू मारणाऱ्या औषधासाठी झटत होता. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले. १९५५ मध्ये पेनिसिलीन निघू लागले. लहान मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफने औषधाच्या कारखान्याला यंत्रे द्यावीत, ह्यातच त्या काळी मुले कशाने मरत होती ते दिसते. पिंपरी-चिंचवड आज मोटारींचे गाव म्हणून ओळखले जाते. तेव्हा ते खेडे होते आणि ह्या कारखान्याने त्याला पहिल्यांदा देशाच्या नकाशावर आणले. कारखाना पुढे तोट्यात गेला, त्याची कहाणी वेगळी आहे.

ह्याच पिंपरीत एक असा शोध लागला जो मला ह्या सगळ्या गोष्टीत फार बोलका वाटतो. जंतू मारणारी औषधे सुरू झाली तसे डॉक्टरांच्या ध्यानात आले की ती चोर-साव पाहत नाहीत. घशातला रोगजंतू मारताना पोटातले निरुपद्रवी जंतूही मारतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत बुरशी माजते. बाळाच्या जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर येतो, तो पुष्कळदा हाच प्रकार. पिंपरीच्या प्रयोगशाळेत डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास बुरशीवर चालणारे हॅमायसिन हे औषध शोधले, ते मातीतल्या ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. नावातच पिंपरी! जिथे पेनिसिलीन तयार होत होते तिथेच त्याच्या मागून येणाऱ्या दुखण्याचाही विचार चालला होता.

जुलाबाचे तसेच. अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांना सौम्य जुलाब होतात. भाचीच्या बाळाला झाले ते बहुधा हेच. बालरोगतज्ज्ञ ज्याला सर्रास देतात त्या अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या जोडीत हे प्रमाण जास्त असते. बहुतेक वेळा औषध संपले की जुलाब थांबतात. आई घाबरून मधेच औषध सोडते, तेव्हा मूळचा रोग पुन्हा डोके वर काढू शकतो. त्या रात्री भाची नेमकी त्या उंबऱ्यावर उभी होती. तान्ह्या बाळाला जुलाबात खरा धोका असतो तो अंगातले पाणी संपण्याचा. त्यावरचा मीठ-साखरेच्या पाण्याचा उपाय आपल्याच देशातल्या डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या हजारो रोग्यांवर वापरून जगाला पटवून दिला. दही की पुडी ह्या वादात हे पाकीट मागे राहता कामा नये. डॉक्टरांनी दह्याआधी लघवीचे विचारले ते उगीच नव्हे.

आता पुडी. त्यात काही वेळा दह्याच्या नात्यातले लॅक्टोबॅसिलस असतात, काही वेळा एक यीस्ट असते. ह्या यीस्टची कथाही सुरस आहे. आंरी बुलार हा फ्रेंच माणूस १९२० च्या दशकात इंडोचायनात होता. तिथे पटकीच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात, हे त्याने पाहिले आणि त्या सालींवरचे यीस्ट वेगळे केले. यीस्ट ही बुरशीची जात, म्हणून जंतूंवरचे औषध तिला मारत नाही. साधे दही आणि अँटिबायोटिक एकाच वेळी पोटात गेले तर दह्यातले जंतूही त्या औषधाच्या तडाख्यात सापडतात. म्हणूनच मोठ्या मुलांना दही देताना डॉक्टर औषधात आणि दह्यात दोनेक तासांचे अंतर ठेवायला सांगतात. काही औषधांना, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिनला, दूध-दह्यातले कॅल्शियम चिकटते आणि औषध नीट शोषलेच जात नाही. 'औषधाबरोबर वाटीभर दही' हा आपला रिवाज तिथे उलटा पडतो.

पुडीचा उपयोग होतो का? २०१९ मध्ये कॉक्रेन ह्या संस्थेने मुलांवरचे ३३ प्रयोग एकत्र करून पाहिले, मुले साडेसहा हजारांच्या आतबाहेर. अँटिबायोटिकबरोबर हे जंतू दिलेल्या मुलांत १०० पैकी ८ जणांना जुलाब झाले, न दिलेल्यांत १९ जणांना. म्हणजे उपयोग होतो, पण सगळ्यांना होत नाही आणि कुठल्याही पुडीने होत नाही. जंतूंची जात आणि संख्या दोन्ही महत्त्वाच्या. दिवसाला निदान ५०० कोटी जंतू हवेत असे त्या अहवालात म्हटले आहे. घरच्या दह्यात किती आणि कोणते जंतू आहेत हे कोण मोजणार? प्रत्येक घरचे विरजण वेगळे, उन्हाळ्यातले वेगळे, पावसाळ्यातले वेगळे. दही अन्न म्हणून उत्तम, पण मापून दिलेले औषध नव्हे. सासूबाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २१ प्रौढांवर प्रयोग केला. अँटिबायोटिकनंतर ज्यांनी असे जंतू घेतले त्यांच्या पोटातली मूळची वस्ती परत यायला उलट जास्त वेळ लागला. माणसे थोडी होती आणि मोठ्या वयाची होती, तेव्हा तो निकाल बाळांना जसाच्या तसा लावता येणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र इशारा दिला तो थेट बाळांसाठीच: दिवस पुरे न भरता जन्मलेल्या बाळांना हे जंतू देणे घातक ठरू शकते, एक बाळ त्यामुळे दगावले होते. म्हणजे पुडी असो वा थेंब, औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने आणून तान्ह्याच्या तोंडात घालायची ती वस्तू नाही.

आणि तरीही ह्या विषयातला सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच देशातला, बालाघाटसारख्याच भातशेतीच्या मुलखातला. ओडिशातल्या १४९ खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांना सात दिवस एक पूड दिली, काहींना जंतू असलेली, काहींना नुसतीच. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला. नुसती पूड मिळालेल्यांत रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ह्यांचे प्रमाण १०० मागे ९ होते, जंतू मिळालेल्यांत ते साडेपाचच्याही खाली उतरले. तो जंतू लोणच्यात आणि आंबवलेल्या भाज्यांत सापडणाऱ्या कुळातला, लॅक्टोबॅसिलस प्लँटारम. मात्र ही बाळे ठीक वजनाची, अंगावर पिणारी होती आणि पूड डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली होती. तिसिएला पॅरिसमध्ये जे सुचले, ते शंभरावर वर्षांनी ओडिशाच्या खेड्यांत एवढ्या मोठ्या प्रमाणात तपासले गेले. गोव्याच्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठळक आल्याचे मला तरी आठवत नाही.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर पाच महिन्यांत होते. जागतिक आरोग्य संघटना २००१ पासून सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. आजारात डॉक्टर सांगतील ते औषध आणि जुलाबातले पाकीट एवढाच अपवाद. आपल्या परंपरेतही ते काही परके नाही. बालवैद्यकाचा आपला जुना ग्रंथ काश्यपसंहिता सहाव्या महिन्यात फळ सांगतो, अन्न त्यानंतर. उष्टावण सहाव्या महिन्यापासून का करतात, ह्याचे उत्तर आपल्या आज्या देऊ शकल्या नसत्या, पण करायच्या त्या बरोबरच. दह्याबद्दलही जुने वैद्य सरसकट 'द्या' म्हणत नव्हते. चरकाने रात्री दही खाऊ नये असे सांगितले आणि संग्रहणीच्या रोग्याला ताक सांगितले, म्हणजे वेळ आणि माणूस पाहूनच. सहा महिन्यांनंतर ताजे, उकळलेल्या दुधाचे, फार न आंबलेले दही चमचाभर द्यायला हरकत नसते. पिण्याचे मुख्य दूध म्हणून गाई-म्हशीचे दूध वर्षाच्या आत नको. आणि दह्यात मध कालवून चाटवायची आपल्याकडची सवय तर वर्षभर मुळीच नको, कारण मधात असणाऱ्या एका जंतूचे विष तान्ह्या बाळाला लुळे करू शकते. साखर तर हवीच कशाला?

हे सगळे मी भाचीला एका लांबलचक पत्रात लिहून पाठवले. तिने ते सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या म्हणे, "एवढं लिहिलं, पण आमच्या तीन पोरांले ताकाचंच पाणी पाजलं, त्याचं काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिन्ही पोरे धडधाकट आहेत, त्यांतला एक माझा जावई. माझ्या आजीच्या सातांतली पाच वाचली, त्यांनाही कुणी काय पाजले होते देव जाणे.

कार्तिकात उष्टावण झाली. खरे तर मामाने भरवायचे, पण भाचीचा भाऊ दुबईला, त्याला रजा मिळेना. तेव्हा मामाच्या जागी हा मामेआजोबा निघाला. मडगावहून मुंबई, मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसने गोंदिया. तिथून बालाघाटला जाणारी सातपुड्याची ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली आहे, रूळ रुंद झाले. दोन्ही बाजूंना भात कापणीला आले होते. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ वासाचा, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचीच मऊ खीर होती. बाळाने पहिला घास तोंडात घेतला आणि माझ्या सदऱ्यावर परत केला.

दह्याची पाळी आठवड्याने होती, पण सासूबाईंनी मला मडके दाखवले. विरजण त्यांनी लग्न होऊन येताना तुमसरहून, माहेराहून आणलेले. तेव्हापासून तेच चालू आहे, असे त्या म्हणाल्या. मधे एकदा मोडले तेव्हा शेजारच्या घरातून परत आणले, ते शेजाऱ्यांनी त्यांच्याकडूनच नेलेले होते. धुळीने भरलेल्या एका कपाटातून जुनी फाईल शोधून काढावी तसे काहीतरी मला वाटले, आणि मी थोडे विरजण मागितले. त्यांनी स्टीलच्या डबीत घालून दिले, वरून फडके बांधले.

दोन रात्रींचा प्रवास. मडगावला उतरलो तेव्हा डबी गळली होती आणि पिशवीतल्या कपड्यांना आंबूस वास येत होता. तळाशी चमचाभर उरले होते. ते त्याच संध्याकाळी कोमट दुधात लावले. सकाळी बायकोने झाकण काढून पाहिले आणि म्हणाली, "लागलंय. पण आपल्यापेक्षा आंबट आहे."